फ्रिडाचं सॅन फ्रान्सिस्को

परक्या गावी बिऱ्हाड थाटायला निघालेलं एखादं जोडपं आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असतंच. पूर्वी ते कोकणातून मुंबईला यायचं, आता पुण्या-नाशिकहून कॅलिफोर्नियाला जातं. निरोप देताना आपण दोघांच्या हातावर एकदमच दही घालतो. पण तिथे पोचल्यावर पहिला सोमवार उजाडतो आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. एक जण कामावर जातो. त्याला ऑफिस असतं, टेबल असतं, नावानं हाक मारणारे सहकारी असतात. दुसरं माणूस घरी राहतं, चार दिवस खिडकीतून बाहेर बघतं आणि पाचव्या दिवशी चपला घालून खाली उतरतं. त्याच्या वाट्याला येतं ते नुसतं शहर.

या दुसऱ्या माणसाच्या पहिल्या दिवसांचा इतिहास सहसा कुणी लिहून ठेवत नाही, कारण नोंदी होतात त्या कामाच्या. आज बोलायचं आहे ते अशा एका जोडप्याविषयी, ज्यातल्या दोघांच्याही त्या दिवसांच्या खुणा शिल्लक आहेत. त्याच्या खुणा भिंतींवर आहेत, तिच्या कॅनव्हासवर आणि पत्रांमध्ये. शहर आहे अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को आणि तारीख आहे १० नोव्हेंबर १९३०.

त्या दिवशी मेक्सिकोहून दिएगो रिव्हेरा आणि फ्रिडा काहलो हे चित्रकार दांपत्य त्या शहरात येऊन दाखल झालं. खरं म्हणजे ‘चित्रकार दांपत्य’ हे आपण आज म्हणतो. त्या वेळी चित्रकार एकच होता, तो म्हणजे दिएगो. त्याचं वय होतं त्रेचाळीस. उंची सहा फुटांवर, देह अवाढव्य. मेक्सिकोतल्या सरकारी इमारतींच्या भिंतींवर त्यानं शेतकरी, मजूर आणि क्रांतिकारक रंगवले होते आणि त्यांची कीर्ती देशाबाहेर पसरली होती. फ्रिडा तेवीस वर्षांची, सव्वापाच फुटांची, काटकुळी. ऑगस्ट १९२९ मध्ये दोघांचं लग्न झालं, तेव्हा तिच्या घरच्यांनी हे लग्न म्हणजे हत्ती आणि कबुतराची जोडी आहे असं म्हटलं होतं. सहाव्या वर्षी झालेल्या पोलिओनं तिचा उजवा पाय बारीक राहिला होता. अठराव्या वर्षी ती ज्या बसमध्ये होती त्या बसला ट्रामनं धडक दिली. पाठीचा कणा, कंबर, तोच उजवा पाय, सगळं मोडलं. अंथरुणाला खिळलेली असताना ती चित्रं काढू लागली. पण सॅन फ्रान्सिस्कोत उतरली तेव्हा तिची ओळख होती ती ‘रिव्हेराची बायको’ एवढीच. देशाबाहेर पाऊल टाकण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

दिएगोचं नाव आपल्याला आणखी एका कारणानं जवळचं वाटावं असं आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगोचा त्यांच्याशी स्नेह होता. मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत १९२८ मध्ये त्यानं रोजच्या भाकरीवर एक भित्तिचित्र काढलं. त्यात भाकरी वाटणाऱ्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा आहे. खानखोजे यांच्या उमेदवारीचा काळ गेला होता तो अमेरिकेच्या याच पश्चिम किनाऱ्यावर. ‘गदर’ चळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी ते एक, आणि ‘गदर’ हे वृत्तपत्र नोव्हेंबर १९१३ पासून निघत होतं ते सॅन फ्रान्सिस्कोतूनच. म्हणजे देश सोडून आलेल्यांना पोटात घेण्याची या शहराला जुनी सवय होती.

मात्र दिएगोला तिथे शिरकाव सहज मिळाला नाही. तो कम्युनिस्ट होता. मेक्सिकोच्या कम्युनिस्ट पक्षानं १९२९ मध्ये त्याला काढून टाकलं होतं, तरी अमेरिकन सरकारच्या लेखी तो लालच होता. त्याला व्हिसा द्यायला अधिकारी तयार नव्हते. अखेर अल्बर्ट बेंडर या सॅन फ्रान्सिस्कोतल्या विमा व्यावसायिकानं आपलं वजन खर्च केलं. हा बेंडर मूळचा आयर्लंडमधल्या डब्लिनचा, चित्रांचा शौकीन आणि चित्रकारांचा आधार. त्याच्यामुळे दार उघडलं. आणि या लाल चित्रकाराला काम कोणतं मिळालं, तर शेअर बाजारातल्या मंडळींच्या भोजनगृहात जिन्याची भिंत रंगवायचं! न्यूयॉर्कचा बाजार कोसळून जेमतेम वर्ष झालं होतं आणि देशभर मंदीची छाया पसरत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे यातली गंमत कळते. दुसरं काम होतं कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्स या कलाशाळेतल्या भिंतीचं.

हे शहर तेव्हा कसं होतं? १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानं आणि त्यामागून लागलेल्या आगीनं ते जवळजवळ बेचिराख झालं होतं. पंचवीस वर्षांच्या आत ते पुन्हा उभं राहिलं. १९३० च्या जनगणनेत तिथे ६ लाख ३४ हजार माणसं मोजली गेली. तीन बाजूंना पाणी, मध्ये टेकड्या, आणि त्या टेकड्यांवर सरळसोट चढणारे रस्ते. त्या रस्त्यांवरून १८७३ पासून केबल कार धावत होत्या. रस्त्याखाली सतत फिरणाऱ्या तारेला घट्ट धरायचं आणि चढ चढायचा, अशी ती युक्ती. आज या शहराचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे येतो तो लाल-नारिंगी गोल्डन गेट पूल. तो मात्र तेव्हा नव्हता. त्याच्यासाठी कर्जरोखे काढायला मतदारांनी मंजुरी दिली ती ४ नोव्हेंबर १९३० रोजी, म्हणजे हे दोघं येण्याच्या अवघे सहा दिवस आधी. शहरातून थेट खाडी ओलांडायची तर फेरीबोटीशिवाय इलाज नव्हता, आणि बंदरावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली दिवसभर माणसांची रीघ लागलेली असे.

दिएगोनं आपल्या आत्मकथनात एक आठवण सांगितली आहे. प्रवासात फ्रिडानं त्याला स्वतःचं एक चित्र भेट दिलं. चित्रातल्या तिच्या पाठीमागे एका अनोळखी शहराची आकृती होती. सॅन फ्रान्सिस्को नजरेस पडलं तेव्हा तो चपापला, कारण तेच शहर समोर उभं होतं. फ्रिडा या शहराला ‘जगाचं शहर’ म्हणत असे, असंही तो सांगतो. ते चित्र आज उपलब्ध नाही आणि दिएगो गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत होता, तेव्हा ही आठवण किती खरी मानायची हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण त्या गावाला जाण्याआधीच तिनं मनात एक गाव उभं केलं होतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दोघांची उतरण्याची सोय झाली होती ७१६ माँटगोमेरी स्ट्रीट या पत्त्यावर. राल्फ स्टॅकपोल हा शिल्पकार दिएगोचा पॅरिसपासूनचा मित्र, त्याचा हा स्टुडिओ. माँटगोमेरी स्ट्रीट हा मोठा गमतीचा रस्ता होता. त्याच्या दक्षिणेकडच्या भागात बँका, दलालांच्या पेढ्या आणि १९२७ मध्ये बांधलेली एकतीस मजली रस बिल्डिंग. तोच रस्ता उत्तरेकडे चालत गेलं की चित्रकार-लेखकांच्या वस्तीत शिरायचा. तिथे १८५३ सालची माँटगोमेरी ब्लॉक नावाची चार मजली जुनी इमारत होती, आणि तिच्या खोल्यांतून कलावंतांच्या पिढ्या राहून गेल्या होत्या. ती १९५९ मध्ये पाडली गेली. आज तिच्या जागी शहराचा प्रसिद्ध पिरॅमिडच्या आकाराचा मनोरा आहे. स्टुडिओतून बाहेर पडून पश्चिमेला वळलं की काही मिनिटांत चायनाटाउन सुरू होई.

आता दिएगोचे पहिले दिवस बघा. त्यानं दोन महिने भिंतीला हातही लावला नाही. आधी कॅलिफोर्निया बघू, मग रंगवू, असा त्याचा खाक्या. कारखाने, तेलविहिरी, सोन्याच्या खाणींचा मुलूख, फळबागा, सगळीकडे तो हिंडला, रेखाटनं केली. त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन शहरात भरलं होतं. मेजवान्या होत होत्या, व्याख्यानं होत होती, वार्ताहर मागे लागले होते. टीकाकारही होते. त्याच माँटगोमेरी स्ट्रीटवर स्टुडिओ असलेला मेनार्ड डिक्सन हा नामवंत चित्रकार जाहीरपणे म्हणाला, की शेअर बाजारासाठी याच्याइतका अयोग्य माणूस साऱ्या जगात शोधून सापडणार नाही. पण विरोधानं दिएगोची प्रसिद्धी वाढलीच. कॅलिफोर्नियाचं प्रतीक म्हणून एक भव्य स्त्री रंगवायची होती, तिच्यासाठी त्यानं निवडली हेलन विल्स. विम्बल्डन गाजवणारी ही टेनिसपटू तिथली लाडकी कन्या होती. तिची रेखाटनं करण्यात, तिच्या मोटारीतून हिंडण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. शहरानं दिएगोला डोक्यावर घेतलं होतं.

आणि फ्रिडा? मेजवान्यांना तीही असे, पण कुणाची तरी बायको म्हणून. इंग्रजी मोडकंतोडकं. सकाळी दिएगो बाहेर पडला की दिवस तिचा एकटीचा. ती खाली उतरे ती आपल्याच वेशात. घोळदार लांब परकर, खांद्यावर मेक्सिकन शाल, गळ्यात जाड दगडी मणी, पायांत चामड्याच्या विणीच्या वहाणा. परक्या देशी गेल्यावर चारचौघांसारखं दिसावं म्हणून माणूस पोशाख बदलतो. तिनं उलटं केलं. त्या डिसेंबरात एडवर्ड वेस्टन हा थोर छायाचित्रकार दोघांना भेटला आणि त्यानं त्यांचे फोटो काढले. रस्त्यातले लोक चालता चालता थबकून फ्रिडाकडे बघत राहतात, अशी नोंद त्यानं आपल्या रोजनिशीत केली आहे. हा वेस्टन पूर्वी मेक्सिकोत राहिलेला. तिथली त्याची सहचरी टीना मोडोट्टी हिनंच खानखोजे यांच्या मक्याच्या प्रयोगांचे फोटो काढले होते. जग किती लहान असतं पाहा.

फ्रिडाचा जीव सगळ्यांत रमला तो चायनाटाउनमध्ये. त्या गल्ल्यांतून ती भटके, रेशमी कापड विकत घेई आणि त्याचे परकर शिवून घेई. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये झाला होता आणि तो थेट १९४३ पर्यंत टिकला. तेव्हा ही वस्ती म्हणजे शहराच्या ऐन मध्यावर असूनही शहराबाहेर ठेवलेली माणसं. अशा ठिकाणी या परक्या मुलीला मोकळं वाटावं, हे समजण्यासारखं आहे. मे १९३१ मध्ये इसाबेल या बालमैत्रिणीला तिनं लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. चिनी लोक फार छान आहेत, इतकी गोड मुलं आपण जन्मात पाहिली नाहीत, एखादं पळवून आणावंसं वाटतं, असं ती त्यात लिहिते. गोऱ्या अमेरिकनांविषयी मात्र तिचा शेरा तिखट आहे. त्यांचे चेहरे तिला न भाजलेल्या पावासारखे वाटतात! शहर आणि तिथली खाडी तिला अफाट वाटते. आपल्याला इथे मैत्रिणी नाहीत म्हणून वेळ चित्रं काढण्यातच जातो, असं ती सांगते. आणि शेवटी कबूल करते, की इथे आल्यानं डोळे उघडले, पुष्कळ नवं आणि सुंदर बघायला मिळालं.

या भटकंतीची किंमतही तिला मोजावी लागली. पायानं अधू असलेल्या माणसाला त्या टेकड्या म्हणजे शिक्षाच. तिचा उजवा पाय बाहेर वळू लागला, शिरा ताणल्या, चालणं अवघड झालं. तेव्हा डॉ. लिओ एलोसर या शल्यविशारदानं तिला तपासलं. पाठीचा कणा वाकडा असल्याचं निदान केलं. तो दिएगोच्या ओळखीचा. गरिबांच्या सरकारी इस्पितळात काम करणारा, संगीताचा आणि शिडाच्या होडीचा नाद असलेला हा डॉक्टर तिचा जन्माचा मित्र झाला. पुढे आयुष्यभर कोणत्याही डॉक्टरनं काहीही सांगितलं तरी फ्रिडा त्याचा सल्ला विचारल्याशिवाय राहत नसे.

चालणं थांबलं आणि ती ब्रश घेऊन बसली. या मुक्कामात तिनं डॉ. एलोसरचं व्यक्तिचित्र काढलं. त्यात त्याच्या शेजारी शिडाच्या जहाजाची प्रतिकृती आहे. दुसरं चित्र काढलं ल्यूथर बरबँकचं. फळाफुलांच्या शेकडो नव्या जाती तयार करणारा हा कॅलिफोर्नियाचा वनस्पतितज्ज्ञ १९२६ मध्ये वारला आणि त्याच्याच बागेत एका झाडाखाली त्याला पुरलं. सँटा रोझा या गावी जाऊन दोघांनी त्याचं घर पाहिलं. मग दोघांनीही त्याला रंगवलं. दिएगोच्या भिंतीवरचा बरबँक गुडघे टेकून रोपाची निगा राखतो आहे. फ्रिडाच्या चित्रात तो कमरेपासून खाली झाडच झाला आहे, आणि त्या झाडाची मुळं जमिनीतल्या त्याच्याच मृतदेहातून पोसली जाताहेत. एकच माणूस, एकच भेट. पण दिएगोनं त्याचं काम पाहिलं आणि फ्रिडानं जन्म-मृत्यूचं चक्र. पुढे जगानं जिला ओळखलं ती फ्रिडा या चित्रात पहिल्यांदा स्पष्ट दिसते, असं अनेक जाणकार मानतात.

तिसरं चित्र दोघांचं आहे. एप्रिल १९३१ मध्ये तिनं ते बेंडरसाठी काढलं. चित्रात दिएगो भल्यामोठ्या बुटांत घट्ट उभा आहे. त्याच्या उजव्या हातात रंगांची तबकडी आणि ब्रश. शेजारी हिरव्या झग्यात, लाल शाल पांघरून, मान किंचित कलती करून फ्रिडा. तिची पावलं इतकी इवलीशी, की ती जमिनीला टेकली आहेत की नाही असं वाटावं. तिचा एक हात त्याच्या हातात आहे, दुसऱ्या हातानं तिनं शाल धरली आहे. लग्नाचा फोटो असावा तसं हे चित्र आहे. पण जरा थांबून बघितलं की एक गोष्ट जाणवते. ज्या हातांनी हे चित्र रंगवलं, त्या हातांत ब्रश नाही. त्या शहरात लोक तिला ज्या नजरेनं बघत होते तसंच तिनं स्वतःला रंगवलं, आणि खाली नाव घातलं ते स्वतःचं. त्याच वर्षी तिथल्या स्त्री-चित्रकारांच्या वार्षिक प्रदर्शनात हे चित्र लागलं. तिची चित्रकार म्हणून लोकांपुढे येण्याची सुरुवात ही अशी झाली. बेंडरनं १९३६ मध्ये ते शहराच्या कलासंग्रहालयाला दिलं.

दिएगोनंही या मुक्कामात स्वतःला रंगवलं आहे. कलाशाळेच्या भिंतीवर परांची बांधली आहे, कामगार आणि सहायक कामात गढले आहेत, आणि मधोमध पाठमोरा दिएगो बसला आहे. ती कलाशाळा २०२२ मध्ये बंद पडली, भिंत मात्र अजून आहे. चित्रं दोन्ही थोर आहेत. पण १९३० साली परक्या शहरात आलेल्या एका जोडप्याचं काय झालं, हे विचारायचं असेल तर तिच्या चित्राकडे वळावं लागतं.

जून १९३१ मध्ये दोघं मायदेशी परतली. नंतर न्यूयॉर्क झालं, डेट्रॉइट झालं. संसारात वादळं आली आणि १९३९ मध्ये घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी दिएगो सॅन फ्रान्सिस्कोतल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी भलंमोठं भित्तिचित्र करत होता. फ्रिडाची प्रकृती ढासळली होती. डॉ. एलोसरच्या सांगण्यावरून ती उपचारांसाठी त्याच शहरात आली. ८ डिसेंबर १९४० रोजी, दिएगोच्या चौपन्नाव्या वाढदिवशी, दोघांनी तिथेच पुन्हा लग्न केलं.

ज्या शहरात दहा वर्षांपूर्वी ती कुणाची तरी बायको म्हणून आली होती, तिथे ती या खेपेला आली तेव्हा न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये तिची चित्रं लागून गेली होती. दिएगोच्या त्या १९४० सालच्या भित्तिचित्रातही ती आहे. आपल्या मेक्सिकन वेशात ती उभी आहे आणि तिच्या हातात रंगांची तबकडी आहे. हे चित्र तिथल्या सिटी कॉलेजच्या मालकीचं आहे. या कॉलेजच्या समोरून जाणाऱ्या रस्त्याचं नाव २०१८ मध्ये बदललं. त्याला आता ‘फ्रिडा काहलो वे’ म्हणतात.

म्हणून, मित्रहो, कॅलिफोर्नियाहून मुलाचा किंवा मुलीचा फोन येईल, तेव्हा नोकरी लागलेल्याची चौकशी आपण करतोच. नोकरीविना घरी असलेल्या दुसऱ्यालाही जरूर बोलवा आणि विचारा, आज कुठवर चालत गेला होतात, काय काय पाहिलंत? शहराची खरी खबर बहुधा तिथूनच कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)